छाती उघडल्यावर गडबड झाली तर काय करायचं: थोरॅसिक ओटीत नव्याने लागलेल्या रेसिडेंटांसाठी

इंदूरमध्ये आपल्या मराठी घरांतली बरीच पोरंपोरी मेडिकलला आहेत, पुस्तकं इंग्रजी, ओटीत बोलणं हिंदी, आणि थोरॅसिकची पोस्टिंग लागली की मला फोन येतो, मॅडम काय काय बघून ठेवू. प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकते. मी ॲनेस्थेशियाची, त्यामुळे सगळं डोक्याच्या बाजूने दिसतं तसं लिहिलंय, पण सर्जरीवाल्यांनी पण वाचा, उलट त्यांनी जास्त वाचा. डोस आणि सेटिंग मोठ्या माणसांचे आहेत, तुमच्या डिपार्टमेंटचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तो चालेल, आणि सिनियरला बोलवायला लाजायचं नाही, हे तर वेगळं सांगायला नको.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, छातीच्या ऑपरेशनमधल्या ज्या गोष्टींना आपण "अचानक झालं" म्हणतो त्यातल्या खूपशा आदल्या रात्री सीटी स्कॅनवर दिसत असतात, फक्त बघणारा पाहिजे. आपल्याकडे येणारे पेशंट बघा ना. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडून टीबी झालेले, पू साठून फुफ्फुसावर जाड साल चढलेले, महिना-दोन महिने गावाकडे इंजेक्शनं घेऊन मग आलेले. मंदसौरकडचे स्लेट-पेन्सिलीच्या कामातले, नाहीतर गुजरातेत गोध्र्याकडे दगड भरडायच्या कारखान्यांत राबून आलेले सिलिकोसिसवाले. या लोकांच्या फुफ्फुसाच्या मुळाशी, म्हणजे हायलमला, गाठी दगडासारख्या कडक झालेल्या असतात आणि पल्मनरी आर्टरीला (हृदयातून फुफ्फुसाकडे रक्त नेणारी मोठी नळी) चिकटलेल्या असतात, तिथे सर्जन गाठ सोडवायला गेला की आर्टरी फाटणार याची अर्धी शक्यता स्कॅननेच सांगितलेली असते. मग ते अनपेक्षित कसं? म्हणून आदल्या दिवशी सर्जनबरोबर पाच मिनिटं स्कॅनसमोर उभं राहायचं आणि सरळ विचारायचं, सर रक्त आलं तर कुठून येईल, आणि आलं तर दुर्बिणीतूनच बघणार की लगेच छाती उघडणार. काही सर्जनना हा प्रश्न अपशकुनी वाटतो, वाटू दे. डब्ल्यूएचओच्या २००८ च्या सेफ्टी चेकलिस्टमध्ये पण ५०० मिलीपेक्षा जास्त रक्त जाण्याची शक्यता आहे का हे विचारायचं असतंच, आपल्याकडे तिथे डोळे मिटून टिक मारतात, ते बंद करा.

तयारीचं पटकन सांगते. हाताला दोन जाड सुया, १६ नंबरच्या, आणि पेशंट कुशीवर घेतल्यावर त्या चालू आहेत का परत बघायचं, हात दुमडला की थेंब बंद होतो. आर्टेरियल लाइन (धमनीतली सुई, सतत बीपी दाखवते) हवीच. ट्यूमर किंवा गाठी सुपीरियर व्हेना केव्हाजवळ (वरच्या अंगाचं रक्त हृदयात आणणारी मोठी शीर) असतील तर एक लाइन पायाला, मांडीला घ्या, कारण ती शीर फाटली किंवा दाबून धरावी लागली तर हातातून चढवलेलं रक्त हृदयापर्यंत पोचणारच नाही, तुम्ही बाटलीवर बाटली चढवाल आणि सगळं फील्डमध्ये सांडेल. रक्त "ब्लड बँकेत रेडी आहे" याला रेडी म्हणत नाहीत, ओटीच्या फ्रिजमध्ये आलं की रेडी. ब्लड वॉर्मर लावून, चालू करून बघायचा. इंटर्नल पॅडल (थेट हृदयावर शॉक द्यायचे) निर्जंतुक करून कुठे ठेवलेत आणि त्या कपाटाची चावी कोणाकडे आहे हे सिस्टरला आधी विचारा, हसू नका, बऱ्याच ठिकाणी चावी घरी गेलेली असते. दुर्बिणीची केस असेल तरी थोरॅकोटॉमीचा, म्हणजे छाती उघडायचा, सेट त्याच खोलीत, व्हॅस्क्युलर क्लॅम्प त्यात, आणि ट्रॉलीवर एक स्पंज-स्टिक (दांडीला लावलेला बोळा) पहिल्या मिनिटापासून तयार. रिस्की केस असेल तर ड्रेप करायच्या आधी डिफिब्रिलेटरचे चिकटवायचे पॅड पुढून-मागून लावून घ्या, कुशीवर झोपवलेल्या पेशंटला नंतर ते लावणं जमत नाही.

आता सॅच्युरेशन पडायला लागलं तर.

एका फुफ्फुसावर घेतल्यावर, म्हणजे ऑपरेशनच्या बाजूचं फुफ्फुस बंद करून दुसऱ्यावरच श्वास चालू ठेवल्यावर, पहिल्या वीस-तीस मिनिटांत सॅच्युरेशन थोडं खाली येणारच, बंद फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसून रक्त दुसरीकडे वळवायला तेवढा वेळ घेतात. ९२-९३ वर स्थिर असेल तर नुसतं लक्ष ठेवा. पण ९० च्या खाली उतरायला लागलं की ऑक्सिजन १०० टक्के करायचा आणि त्याच श्वासात सर्जनला सांगायचं. मनातल्या मनात ट्यूब तपासत बसू नका, मोठ्याने बोला, "सर, सॅच्युरेशन ८८, गिर रहा है, मैं ट्यूब देख रही हूँ". बोलल्यावर सर्जनचा हात हलका होतो, कधीकधी तेवढ्यानेच निम्मं काम होतं कारण तो हृदयावर रिट्रॅक्टर दाबून बसलेला असतो.

मग ट्यूब. दहातल्या बहुतेक वेळा चोर तीच असते. पाठीवर असताना मस्त बसलेली डबल ल्युमेन ट्यूब (दोन्ही फुफ्फुसांना वेगळं वेगळं जोडणारी श्वासाची नळी) कुशीवर वळवताना मान हलली की सरकते, म्हणून वळवल्यानंतर ब्रॉन्कोस्कोप (श्वासनळीत बघायची दुर्बीण) परत घालायचाच, हे ऑप्शनल नाही. डावी ट्यूब असेल तर श्वासनळीच्या बाजूने बघताना कॅरायना (श्वासनळी दोन फाटे होते ती जागा) समोर दिसायला पाहिजे आणि निळा कफ, म्हणजे ट्यूबवरचा फुगा, डाव्या ब्रॉन्कसच्या (त्या फाट्याच्या) तोंडात, जेमतेम काठ दिसेल इतकाच. कफ कॅरायनावर फुगून आला असेल तर हवा काढा, ट्यूब थोडी आत घ्या, परत फुगवा, ब्रॉन्कसच्या कफला ३ मिलीपेक्षा जास्त हवा लागत असेल तर साइज किंवा जागा चुकलीय समजा. खूप आत गेली असेल तर वरच्या लोबचं (फुफ्फुसाच्या भागाचं) तोंड बंद होतं. आपण शक्यतो डावीच ट्यूब का वापरतो ते पण यावरूनच, उजव्या बाजूला वरच्या लोबचा फाटा कॅरायनापासून इतका जवळ निघतो की जराशी सरकली तरी तो झाकला जातो.

ट्यूब जागेवर आहे, तरी पडतंय? सक्शन करा, टीबीवाल्यांत आणि ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये चिकट घाण किंवा रक्ताची गाठ खालच्या, म्हणजे चालू फुफ्फुसात उतरलेली असते. मग चालू फुफ्फुस एकदा हळूहळू फुगवून उघडून घ्या आणि ५ चा पीप (श्वास सोडल्यावरही आत राहणारं थोडं प्रेशर) द्या, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) किलोला ४ ते ६ मिली, प्लॅटो प्रेशर ३० च्या बऱ्यापैकी खालीच ठेवायचं. एम्फायसीमावाल्यांत पीप जपून. गॅसवर असाल तर व्हेपोरायझर कमी करून प्रोपोफॉलकडे वळा, जास्त गॅस त्या रक्तवाहिन्यांचं आकसणं बिघडवतो. तरी नाही भागलं तर वरच्या, बंद फुफ्फुसाला थोडा ऑक्सिजन देऊन ५ चा सीपॅप (सतत हलकं प्रेशर), याने सर्जनची चिडचिड होते कारण दुर्बिणीत फुफ्फुस समोर येतं, पण ओपन केस असेल तर फारसं बिघडत नाही. आणि हे सगळं करत असताना सॅच्युरेशन ८० च्या घरात कोसळत असेल तर शहाणपणा बाजूला ठेवा, दोन्ही फुफ्फुसं फुगवा, सर्जनला दोन मिनिटं हात बाहेर ठेवायला सांगा, पेशंट परत गुलाबी झाला की शोधाशोध करा. न्यूमोनेक्टॉमीच, म्हणजे पूर्ण फुफ्फुस काढायचं, असेल तर सर्जनने त्या बाजूची पल्मनरी आर्टरी क्लॅम्प केली की शंट (बंद फुफ्फुसातून ऑक्सिजन न घेता जाणारं रक्त) संपतो आणि सॅच्युरेशन वर येतं, पण हा शेवटचा पत्ता.

रक्त.

यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण इथेच लोक घाबरून चुकीचं करतात. पल्मनरी आर्टरीची भिंत भिजलेल्या पापडासारखी असते, ओढली की फाटते, चिमटा लावला की आणखी फाटते. पण तिच्यातलं प्रेशर कमी असतं, नॉर्मल माणसात सिस्टोलिक २५-३० च्या आसपास, हातातल्या आर्टरीच्या पाव भागाइतकं. म्हणजे दाबलं की थांबतं. हे एवढं समजलं तरी पुष्कळ झालं. पल्मनरी हायपरटेन्शनवाला पेशंट असेल तर मात्र हा हिशोब बिघडतो, त्याचा इको आधी वाचून ठेवा.

दुर्बिणीत अचानक स्क्रीन लाल झाली तर सर्जनने किंवा असिस्टंटने करायचं ते असं की स्पंज-स्टिक त्या जागेवर ठेवून दाबायचं, जवळ दुसरं काही नसेल तर फुफ्फुसाचाच लोब त्यावर दाबायचा, आणि मग काहीही करायचं नाही. खरंच काही नाही. घड्याळ बघून पाच मिनिटं. या पाच मिनिटांत क्लिप मारायचा मोह होतो, आंधळेपणाने क्लॅम्प घालायचा मोह होतो, सक्शन घालून "बघू तरी कुठून येतंय" असं वाटतं, आणि ३ मिलिमीटरचं भोक दीड सेंटिमीटरचं होतं ते नेमकं याच मोहात. कॅमेरा बाहेर काढून पुसून परत आत, पण दाबलेला हात हलता कामा नये. त्या वेळात बाकीच्यांनी कामं वाटून घ्यायची. डोक्याकडचा माणूस मदतीला अजून एकजण बोलावतो, रक्त वॉर्मरला लावतो, ऑक्सिजन १००, गॅस कमी. सिस्टर थोरॅकोटॉमीचा सेट उघडते आणि मॉप मोजून ठेवते, गडबडीत टाकलेले मॉपच आत राहतात. सर्क्युलेटिंग स्टाफ ब्लड बँकेला फोन करतो, आणि फोन करणारा एकच, नाहीतर तिघं फोन करतात आणि रक्त कोणी आणायला जातच नाही.

पाच मिनिटांनी हळूच काठ उचलून बघायचं. लहान भोक असेल तर बऱ्याचदा थांबलेलं असतं, वर हिमोस्टॅटिक पॅच ठेवून पुढे जाता येतं. परत भसकन आलं तर परत दाबा आणि छाती उघडायचा निर्णय घ्या, आणि छाती उघडेपर्यंत असिस्टंटची स्टिक पोर्टमधून दाबलेलीच राहणार, तोच त्या वेळी ओटीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे, भले तो फर्स्ट इयरचा असो. उघडल्यावर पण आधी भोक शिवायला धावायचं नाही, आधी त्या आर्टरीचा वरचा भाग, हृदयाच्या बाजूचा, टेपमध्ये किंवा क्लॅम्पमध्ये घ्यायचा, हायलम फारच चिकटलं असेल तर पेरिकार्डियम (हृदयाभोवतीचं आवरण) उघडून आतून घ्यायचा. मग ५-० प्रोलीनच्या धाग्याने निवांत शिवता येतं. दुर्बिणीतून ओपनला जाणं म्हणजे हार नाही, हे मी ज्यांना ऐकवते त्यांच्यापैकी अर्ध्यांना पटत नाही, त्यांच्या अहंकाराचं औषध माझ्या ट्रॉलीत नसतं.

स्टेपलरचं (शीर पिना मारून बंद करणाऱ्या अवजाराचं) एक वेगळं. आर्टरीवर स्टेपलर लावला, फायर झाला आणि जबडा उघडेना, किंवा अर्धवट फायर झाला, अशा वेळी तो खेचून उघडायचा नाही. तो अडकलाय तोपर्यंत रक्त बंद आहे. आधी मागची बाजू कंट्रोलमध्ये घ्या, मग उघडा.

रंगावरून पण कळतं. काळपट, भरून येणारं रक्त पल्मनरी आर्टरीचं, कारण तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, इथे बाकी शरीराच्या उलटं आहे. लालभडक पिचकारी म्हणजे ब्रॉन्कियल किंवा इंटरकोस्टल आर्टरी, तिच्यात पूर्ण ब्लडप्रेशर असतं, ती नुसती दाबून थांबेलच असं नाही, तिला टाका किंवा क्लिप लागते. लालभडक पण पिचकारी नाही, तर पल्मनरी व्हेन असू शकते, आणि तिथे रक्ताहून हवेची भीती जास्त, उघड्या व्हेनमधून हवा सरळ डाव्या हृदयात आणि तिथून मेंदूत किंवा कोरोनरीत जाते. तिथे लगेच बोट ठेवायचं, फील्ड सलाईनने भरायचं, डोकं खाली करायचं, १०० टक्के ऑक्सिजन, आणि ईसीजीवर एसटी बदलतेय का बघत राहायचं.

डिकॉर्टिकेशनमध्ये, म्हणजे फुफ्फुसावरची जाड साल सोलताना, चित्र वेगळं असतं, तिथे एक भोक नसतं, पूर्ण छातीची भिंत पाझरते, तासाभरात सक्शनची बाटली भरते आणि कोणाच्या लक्षात येत नाही कारण नाट्यमय असं काही झालेलंच नसतं. बाटलीवर दर अर्ध्या तासाला खूण करा आणि आकडा मोठ्याने सांगा. गरम सलाईनचे मॉप भरून दाबून ठेवा, त्या वेळात दुसऱ्या कोपऱ्यात काम करा. ट्रॅनेक्झॅमिक (रक्तस्राव कमी करणारं औषध) १ ग्रॅम दहा मिनिटांत. पेशंट थंड पडला की रक्त गोठत नाही, ३६ च्या खाली जाऊ देऊ नका. तीन-चार पिशव्या गेल्या की कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली द्या, एबीजीवर (धमनीतल्या रक्ताची तपासणी) आयोनाइज्ड कॅल्शियम बघत राहा, आणि फक्त लाल पेशी चढवत राहिलात तर नंतर रक्त न गोठता पाण्यासारखं वाहतं, प्लाझ्मा आणि प्लेटलेट पण बरोबरीने मागवा. उलट बाजू पण सांगून ठेवते, रक्तस्राव आटोक्यात आला की हात आखडता घ्या, फुफ्फुस काढलेल्या पेशंटला, खास करून उजवं पूर्ण काढलेल्याला, जास्तीचं पाणी दिलं की राहिलेलं फुफ्फुस भरून येतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्ही आयसीयूत त्याची किंमत मोजता.

बीपी पडलं आणि रक्त तर कुठेच दिसत नाही.

पहिला प्रश्न सर्जनला, "सर हात कुठे आहे". हात किंवा रिट्रॅक्टर काढला आणि काही सेकंदांत बीपी परत आलं तर उत्तर मिळालं. दुर्बिणीत छाती फुगवायला सीओटू गॅस वापरत असतील तर तो बंद करा आणि पोर्ट उघडा, छातीत ८ च्या वर प्रेशर ठेवलं की हृदयाकडे येणारं रक्त अडतं, मशीनवर कोणी चुकून पोटाच्या ऑपरेशनचं सेटिंग ठेवलं असेल तर हे होतंच. पल्स पण पडली असेल, ३०-४० वर, तर व्हेगसला (हृदयाचा वेग कमी करणारी नस) धक्का लागलाय, हात थांबवा, ॲट्रोपीन ०.६ द्या. सीओपीडीचा पेशंट असेल तर सर्किट दहा-पंधरा सेकंद काढून बघा, हवा सुटली आणि बीपी वर आलं तर आत हवा साठत होती, श्वास बाहेर जायला वेळ द्या, रेट कमी करा. एपिड्युरल (पाठीतून दिलेली बधिरता) चालू असेल तर ते पण आठवा, बीपी वाढवणारं मेफेंटरमिन किंवा फिनाइलेफ्रिन देऊन बघा.

आणि एक जे पटकन कोणाला सुचत नाही. खालच्या बाजूच्या, म्हणजे चालू फुफ्फुसाच्या बाजूला टेन्शन न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर हवा साठून दाबणं). एअरवे प्रेशर चढत जातं, टायडल व्हॉल्यूम घटतो, एंड-टायडल (बाहेर येणाऱ्या श्वासातला सीओटू) पडतो, बीपी पडतं, आणि सगळे उघड्या बाजूकडे बघत बसतात जिथे सगळं व्यवस्थित आहे. पेशंट कुशीवर झाकलेला, खालच्या बाजूला सुई घालायला जागा नाही. पण सर्जनचा हात छातीतच आहे ना, त्याने मध्ये असलेला मीडियास्टायनल प्लुरा (दोन्ही बाजूंमधला पातळ पडदा) उघडला की तिकडची हवा इकडे सुटते. हे वाक्य पाठ करा आणि त्या वेळी सर्जनला सांगा, कारण त्यालाही त्या क्षणी सुचेलच असं नाही.

एएफ (हृदयाचे अनियमित, भराभर ठोके) सुरू झालं तर आधी हायलमची ओढाताण थांबवायची, पोटॅशियम ४ च्या वर, मॅग्नेशियम २ ग्रॅम, बीपी टिकत असेल तर ॲमिओडॅरोन १५० दहा मिनिटांत. बीपी कोसळलं असेल तर औषधात वेळ घालवायचा नाही, सिंक्रोनाइज्ड शॉक.

हार्ट थांबलंच तर. छाती उघडी असेल तर सर्जनचा हात आत जाणार आणि तळहात सपाट ठेवून, बोटांची टोकं न रुतवता हृदय दाबणार, टोकं रुतली की उजवं व्हेंट्रिकल फाटतं. आतून शॉक १० ते २० ज्यूल, बाहेरचा आकडा चुकूनही नाही, डिफिब्रिलेटरवर कोणी बसलंय त्याने आकडा मोठ्याने बोलून दाखवायचा. ॲड्रिनलिन १ मिलिग्रॅम दर तीन ते पाच मिनिटांनी. दुर्बिणीची केस असेल तर अवजारं बाहेर, आणि पाठीवर वळवून सीपीआर द्यायचा की तिथेच छाती उघडायची हे सुरुवातीच्या टाइम-आउटमध्येच ठरलेलं बरं, त्या वेळी चर्चा करायला कोणाकडे वेळ नसतो. आणि दाबणं चालू असताना एकाने शांतपणे कारणं मोजायची, रक्त, हवा, ऑक्सिजन, पोटॅशियम, ट्यूब.

श्वासनळी किंवा ब्रॉन्कस फाटला तर फील्डमध्ये बुडबुडे दिसतात आणि तुमचा व्हेंटिलेटर लीकचा आरडाओरडा करतो. शक्य असेल तर ट्यूबचा कफ भोकाच्या पुढे सरकवा. नाही जमलं तर सर्जन फील्डमधूनच निर्जंतुक ट्यूब पुढच्या ब्रॉन्कसमध्ये घालतो आणि तुम्ही निर्जंतुक सर्किट वरून त्याच्याकडे देता, त्यावर श्वास चालतो तोवर तो शिवून घेतो, वर इंटरकोस्टल स्नायूचा पट्टा. या सगळ्या वेळात कॉटरी (विजेने जाळून रक्त थांबवायचं अवजार) बंद. उघडा ब्रॉन्कस, १०० टक्के ऑक्सिजन आणि कॉटरीची ठिणगी म्हणजे छातीत आग. ऑक्सिजन झेपेल तितका खाली आणा आणि सर्जनच्या पायाखालचं पेडल बाजूला सरकवा, सवयीने दाबलं जातं. आग लागलीच तर ऑक्सिजन बंद, सलाईन ओता, जळतंय ते बाहेर.

हायडॅटिड सिस्ट, म्हणजे कुत्र्यांकडून येणाऱ्या कृमीची पाण्याने भरलेली गाठ, आपल्या भागात कुत्र्या-मेंढ्यांमध्ये राहणारे पेशंट असतात त्यामुळे ही केस येतेच. सिस्टभोवती हायपरटॉनिक सलाईनचे मॉप लावायचे, दोन सक्शन तयार ठेवायचे. फुटली आणि ब्रॉन्कसमध्ये पाणी सुटलं तर तुमची डबल ल्युमेन ट्यूबच दुसरं फुफ्फुस वाचवते, म्हणून या केसला सिंगल ट्यूबचा कंजूसपणा नको. सर्जन ब्रॉन्कसशी जोडलेल्या सिस्टमध्ये जंतुनाशक ओतायला निघाला तर हात धरा, ते सरळ फुफ्फुसात जातं. फुटल्यावर बीपी पडलं, अंगावर चट्टे आले, छाती आवळली की ॲनाफायलॅक्सिस (तीव्र ॲलर्जी) समजा, ड्रेपखाली चट्टे दिसत नाहीत म्हणून वाट बघू नका. १ मिलिग्रॅमचं ॲड्रिनलिन १० मिलीत पातळ केलं की दर मिलीत १०० मायक्रोग्रॅम, त्यातून अर्धा मिली द्या, बघा, परत द्या, आणि भराभर सलाईन. स्टिरॉइड आणि एव्हिल (ॲलर्जीचं इंजेक्शन) नंतर, पहिलं औषध ॲड्रिनलिनच.

ऑपरेशन संपत आलं की सगळे सैल पडतात, गाणं वगैरे लागतं, आणि तिथेच दोन सापळे. एक, खूप दिवस दबलेलं फुफ्फुस एकदम फुगवलं की त्यात पाणी उतरतं, म्हणून डिकॉर्टिकेशननंतर हळूहळू, थोडं थोडं प्रेशर वाढवत फुगवायचं. दुसरा, पेरिकार्डियम उघडून न्यूमोनेक्टॉमी केलेल्या पेशंटला पाठीवर वळवलं आणि क्षणात बीपी गायब. हृदय त्या भोकातून रिकाम्या बाजूला निसटलंय. एक्स-रे मागवायचा नाही, आधी परत कुशीवर, ऑपरेशनची बाजू वर, म्हणजे हृदय आत घसरतं, त्या बाजूच्या ड्रेनला सक्शन असेल तर काढा, आणि परत छाती उघडायची तयारी. म्हणून वळवताना आर्टेरियल लाइन कधीही काढून ठेवायची नाही, ट्रान्सड्यूसर जोडलेलाच राहू दे.

आयसीडीची (छातीतल्या ड्रेनची) बाटली छातीच्या खाली राहायला पाहिजे आणि शिफ्ट करताना ट्यूब क्लॅम्प करायची नाही, लिफ्टमध्ये वॉर्डबॉय बाटली ट्रॉलीवर पेशंटच्या पोटावर ठेवतो, तिथे तुम्ही बघा. न्यूमोनेक्टॉमीचा ड्रेन मात्र वेगळा, त्याचं काय करायचं ते सर्जनकडून लिहून घ्या. आयसीयूत तासाला २०० मिलीच्या वर रक्त सलग दोन-तीन तास येत असेल तर सर्जनला झोपेतून उठवायचं. आणि ड्रेन एकदम कोरडा पडला आणि पल्स चढत असेल तर खूश होऊ नका, गाठ अडकलीय, रक्त आत साठतंय.

नातेवाइकांचं पण सांगते, कारण ते कोणी शिकवत नाही. गडबड चालू असताना बाहेर कोणीतरी एकच माणूस जाणार, शक्यतो टीममधला सिनियर, आणि "थोडा प्रॉब्लेम है" एवढं बोलून परत आत पळणार नाही, त्याने बाहेर बसलेल्याचं काय होतं. अलीराजपूरहून आलेली माणसं जिन्यापाशी बसलेली असतात, त्यांची भिली आपल्याला येत नाही, त्यांच्यातला एखादा शिकलेला पोरगा शोधा आणि छोट्या वाक्यांत सांगा, खून की नली फटी थी, अब दबाई है, खून चढ़ रहा है, एक घंटे में फिर आऊँगा, आणि तासाने खरंच या. रक्तदाते लागणार असतील तर त्याच वेळी सांगा, रात्री अकराला नाही.

नोट त्याच दिवशी लिहा, वेळांसकट. किती वाजता पडलं, किती वाजता दाबलं, कोणाला किती वाजता बोलावलं, किती पिशव्या, कुठलं औषध. चुकीच्या जागी गोड वाक्यं घालायची नाहीत, जे झालं तेच. मॉनिटरची प्रिंट निघत असेल तर चिकटवा. आणि ट्रॉलीतलं ॲड्रिनलिन, प्रोलीन, वापरलेल्या सुया, घेतलेलं रक्त, सगळं पुढच्या केसच्या आधी भरून ठेवा, दुपारच्या लिस्टवर दुसरी छाती लावलेली असते.